घसा बसलेला जून

जून लागला की आमच्या मानपाडा रोडवरचे फलक बदलतात. मे महिन्यात तिथे हापूस असतो, वॉटरपार्क असतं, नव्या टॉवरची गॅलरी आणि त्या गॅलरीत कॉफी पिणारं जोडपं असतं. मग बारावीचा निकाल लागतो आणि जोडप्याच्या जागी एक मुलगी येते. छातीशी फाइल धरलेली, केस मोकळे, नजर वर कुठेतरी आभाळात. कॉलेज कुठलंही असो, मुलगी साधारण तीच. मी जाहिरातीच्या धंद्यात असल्यामुळे ती मुलगी कशी तयार होते हे मला ठाऊक आहे. ती त्या कॉलेजात शिकत नाही, बहुतेक वेळा कुठल्याच कॉलेजात शिकत नाही, आणि फाइल रिकामी असते. फोटोग्राफर तिला सांगतो, 'वर बघ, तुझं भविष्य दिसतंय असं समज.' ती बिचारी वर बघते. वर स्टुडिओचा दिवा असतो आणि तिच्या डोळ्यांत पाणी येत असतं.

मला हा मोसम आवडत नाही. ज्यांच्या घरात यंदा कुणी बारावी झालेलं नसतं त्यांना तो जाणवतही नाही. ते छत्र्या दुरुस्त करून घेतात, कांदे भरून ठेवतात. पण झेरॉक्सच्या दुकानासमोर आई-मुलींची रांग दिसली, किंवा रिक्षात शेजारी बसलेल्या बाईने फोनवर 'अगं, तिथला कट-ऑफ किती लागला?' असं विचारलं, की मी तोंड दुसरीकडे फिरवते. आता मला कुठे ॲडमिशन घ्यायची आहे? घेऊन झाली, शिकून झालं, हाताखाली माणसंसुद्धा आली. तरी फिरवते.

यंदा समोरच्या फ्लॅटमधली रुही बारावी झाली. तिला जाहिरात आणि जनसंपर्क यातलीच पदवी घ्यायची आहे. याला थोडीफार जबाबदार मी आहे, कारण लहानपणापासून ती माझ्या लॅपटॉपवर क्लायंटने नाकारलेल्या जाहिराती बघत आली आहे आणि तिला त्याच जास्त आवडतात. परवा ती दारात उभी राहिली.

"ताई, शनिवारी फ्री आहेस का? कॉलेजेस बघायचीत. पप्पांना यातलं काय कळत नाय. तू ॲडमध्ये आहेस ना, तुला लगेच समजेल कोण फेकतंय."

"बघायला कशाला जायला हवं? वेबसाइटवर बघ की."

"वेबसाइट तुमच्यासारखेच लोक बनवतात ना यार."

'येते' म्हणाले, दार लावलं आणि तशीच दाराला टेकून उभी राहिले. कॉलेज बघायला जायचं, हे शब्द आमच्या घरात बाबांचे होते.

मी बारावी झाले त्या जूनमध्ये माझं कॉलेज ठरलं आणि माझ्या बाबांचा आवाज गेला. कायमचा गेला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या आणि आम्ही घरातली माणसं एकाच गोष्टीकडे बघत होतो.

बाबा एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरला होते. मी प्राथमिक शाळेत असताना कारखाना बंद पडला आणि त्यानंतर बाबा आवाजावर जगले. म्हणजे आम्ही तिघंही त्यांच्या आवाजावर जगलो. त्या काळात डोंबिवलीत राहणाऱ्या पुष्कळांना तो आवाज माहीत होता, माणूस माहीत नव्हता. रिक्षाला भोंगा बांधून साड्यांच्या सेलची जाहिरात गल्लोगल्ली फिरायची ती बाबांच्या आवाजात. 'फक्त रविवारपर्यंत' हे शब्द ते असे काही म्हणायचे की सोमवारी जग बुडणार आहे असं वाटावं. सोसायटीची पूजा, शाळेचं स्नेहसंमेलन, नवरात्रातले कार्यक्रम, सगळीकडे माइकवर बाबा. आणि आसपासच्या गावांमधले कबड्डीचे सामने. तिथे तर ते रंगात यायचे. चढाईला गेलेला खेळाडू रेषेकडे परत येईपर्यंत एका दमात बोलत राहायचे. खेळाडूचा दम संपायचा, यांचा संपायचा नाही. एकदा तापामुळे बाबा जाणार नव्हते तर सामने भरवणारे गृहस्थ घरीच येऊन बसले. "दादा, तुमी नसंल त सामना कशाला खेलवाचा? पोरा खेलतान, पन लोका तुमाला आयकाला येतान." बाबा ताप घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी फुगलेली छाती घेऊन परत आले.

अशा घरात घसा बसणं हे आजारपण नसतं. ती सुगीची खूण असते. गणपतीनंतर बाबांचा घसा बसला म्हणजे गणपती चांगले गेले. आई मग ज्येष्ठमधाची कांडी काढायची, हळदीचं दूध द्यायची, आणि बाबा मौन धरायचे. एक टाळी म्हणजे पाणी. दोन टाळ्या म्हणजे जेवायला वाढा. चुटकी म्हणजे टीव्ही बारीक कर. मला ते दिवस फार आवडायचे, कारण ओरडा खावा लागत नसे. उलट मीच भरपूर बोलून घ्यायचे आणि बाबा डोळे मोठे करून ऐकत बसायचे. मग एका सकाळी बाथरूममधून खाकरल्याचा आवाज यायचा, पाठोपाठ 'नमस्कार मंडळी' असं दणक्यात ऐकू यायचं, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "आले का? या." तो आवाज दरवेळी परत यायचा. परत न येणारा घसा आम्ही कधी बघितलाच नव्हता.

त्या वर्षी उन्हाळ्यात निवडणुका होत्या. बाबांना जेवायला फुरसत नव्हती. सकाळी एका उमेदवाराला प्रचंड बहुमताने विजयी करा म्हणायचे, दुपारी त्याच्या विरोधकाला, आणि संध्याकाळी आईने विचारलं की तुम्ही मत कुणाला देणार, तर चुटकी वाजवून टीव्ही बारीक करायला सांगायचे. मे संपेपर्यंत आवाज पार बसला. घोगरा, मधेच तुटणारा, वाक्याच्या शेवटी नुसती हवा. "इलेक्शनचा घसा आहे," आई म्हणाली. खालचा किराणावाला म्हणाला, "काय काका, कुणाला निवडून आणलंत?" बाबांनी हसून हात जोडले. आम्ही सगळेच हसलो.

माझा बारावीचा निकाल लागला. मार्क असे होते की कुणाला फोन करून सांगावेत असेही नाहीत आणि लपवावेत असेही नाहीत. मला जाहिरात आणि जनसंपर्क शिकायचंय हे मी जाहीर केलं तेव्हा आत्या आली होती. ती म्हणाली, "बोलबच्चनगिरीला कसली गं डिग्री? तुझा बाप कुठे शिकला होता?"

"म्हणूनच तिने शिकायचं," बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

आत्या गेल्यावर त्यांनी मला अभ्यासक्रम मोठ्याने वाचायला लावला. मी एकेक विषय वाचत होते आणि ते थांबवून विचारत होते.

"कॉपीरायटिंग म्हणजे? मी सेलसाठी लिहितो ते?"

"हो, तेच."

"आणि मीडिया प्लॅनिंग म्हणजे रिक्षा कुठल्या गल्लीतून न्यायची ते?"

"साधारण तेच बाबा."

"याचा पेपर असतो?"

"शंभर मार्कांचा."

त्यांनी आईला हाक मारली. हाक फुटली नाही, म्हणून टाळी वाजवली. आई आली तेव्हा त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे नुसतं बोट दाखवलं. कारखाना बंद पडल्यानंतर आपण जे केलं ती वेळ मारून नेण्याची खटपट होती असं त्यांना वाटत आलं होतं. नातेवाइकांत ते कधी 'मी निवेदक आहे' असं म्हणत नसत, 'बाहेरची कामं घेतो' असं म्हणायचे. आणि आता या कामावर शंभर मार्कांचा पेपर निघत होता. मी त्यांना इतकं खूश फार वेळा बघितलेलं नाही. त्या दिवशी मी काही विशेष केलं नव्हतं, नुसता एक कागद वाचला होता, पण त्या दिवसाचा आनंद मला अजून पुरतो.

मग कॉलेजं बघायला सुरुवात झाली. बाकी सगळी मुलं सायबर कॅफेत बसून फॉर्म भरत होती. बाबांना ते मान्य नव्हतं. त्यांनी पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला, रुमाल घडी करून खिशात ठेवला, चपला पुसल्या. आई दारात उभी राहून बघत होती.

"अहो, कॉलेज बघायला चाललायत की स्थळ?"

"एकच आहे ते. मुलगी द्यायची तर घर बघायला नको?"

आणि खरोखरच ते घर बघायला जावं तसेच कॉलेजात शिरायचे. गेटवरच्या वॉचमनशी आधी बोलायचे. पिण्याच्या पाण्याचे नळ बघायचे. मुलींच्या स्वच्छतागृहाकडे मला पाठवायचे आणि परत आल्यावर भुवया उंचावून विचारायचे. वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे आणि मला फळ्यापाशी उभं करून काहीतरी बोलायला लावायचे, मागे ऐकू येतं का ते तपासायला. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण प्रवेशाचे पैसे भरून बसलेल्या माझ्या मैत्रिणींना सहा महिन्यांनी जे कळलं, ते बाबांना अर्ध्या तासात कळायचं.

ठाण्याला आम्ही स्कूटरवरून जायचो. शिळफाटा, मग बायपास. बाबा स्कूटर चालवताना मागे मान वळवून सतत काहीतरी सांगायची सवय असलेला माणूस. त्या जूनमध्येही ते सांगत होते. मला शब्द कळत नव्हते. वारा फार आहे असं मला वाटायचं आणि मी 'हो हो' म्हणत राहायचे. काय सांगत होते कोण जाणे. त्या रस्त्यावरून आता कॅबने जाते तेव्हा काच वर करून बसते आणि आतल्या शांततेचाच राग येतो.

माजिवड्याच्या बाजूला एक नवंकोरं कॉलेज होतं, सगळं काचेचं. फलकावरची आभाळाकडे बघणारी मुलगी त्यांचीच. ब्लेझर घातलेल्या एका बाईंनी आम्हाला थंड पाणी दिलं, बाबांना सर म्हटलं, आणि स्टुडिओ दाखवला. बाबा तिथल्या माइकपाशी थांबले. जवळ जाऊन त्यांनी त्याच्या जाळीवर बोट फिरवलं. बाई म्हणाल्या, "सर, बोलून बघा ना." बाबांनी मान हलवली. घशाकडे बोट दाखवलं. मग त्यांनी आपला ठरलेला प्रश्न विचारला, जो ते प्रत्येक कॉलेजात विचारणार होते. आवाज इतका खरखरीत होता की बाईंनी दोनदा 'सॉरी?' म्हटलं.

"इथून शिकून गेलेली एखादी मुलगी भेटेल का? दहा मिनिटं बोलायचंय."

"सर, आमच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हिडिओ आहे. दाखवू?"

"व्हिडिओ नको. मीपण रेकॉर्डिंग करतो. रेकॉर्डिंगमध्ये सगळेच खूश असतात."

बाई हसल्या, पण मुलगी काही त्यांनी दिली नाही. बाहेर आल्यावर बाबा त्या काचेच्या इमारतीकडे मान वर करून बघत राहिले. "बोर्ड झकास आहे," एवढंच म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

कल्याणचं कॉलेज त्याच्या उलट. जुनी इमारत, रुंद जिने, कला शाखेचं नाव मोठं. हा नवा अभ्यासक्रम त्यांनी वाचनालयाच्या मागच्या खोलीत सुरू केला होता. तिथे एक तरुण प्राध्यापक एकटेच डबा खात बसले होते. बाबांनी प्रश्न विचारला. त्यांनी पोळीचा घास हातात तसाच धरून उत्तर दिलं.

"काका, खरं सांगू का? पहिली बॅच अजून बाहेरच पडलेली नाही. आणि कॅमेरा मागवलाय, पण आलेला नाही."

"शिकवता कशावर मग?"

"बोलतो त्यांच्याशी. पेपरातल्या जाहिराती कापून आणायला सांगतो."

बाबांना हा माणूस भारी आवडला. जिन्यावरून उतरताना त्यांना खोकल्याची मोठी उबळ आली आणि ते कठड्याला धरून खाली बसले. रुमाल तोंडावर होता. मी पाणी आणायला धावले. परत आले तोवर रुमालाची घडी होऊन खिशात गेली होती आणि ते म्हणत होते की मास्तर चांगला आहे, पण पोरीला कॅमेरा तर हवा.

घरी आई म्हणाली, "डॉक्टरांकडे जाऊन या आता. इलेक्शन होऊन किती दिवस झाले."

"ॲडमिशन होऊ दे," बाबा म्हणाले.

हे वाक्य त्या महिन्यात आमच्या घरात सगळेच म्हणत होते. मिक्सर बिघडला होता, तो ॲडमिशननंतर. गावी देवाला जायचं राहिलं होतं, ते ॲडमिशननंतर. आईचं चष्म्याचं काम, गळणारा नळ, चुलतभावाला बघायला जाणं, सगळं त्या एका गोष्टीच्या मागे रांगेत उभं होतं. आपल्याकडे मूल बारावीला गेलं की घरातली मोठी माणसं आजारी पडायची थांबतात. निदान तसं दाखवतात. कुणी कुणाला तसं सांगत नाही, पण घराघरांत तो शिरस्ता आहे. बाबांचा घसाही त्याच रांगेत उभा राहिला आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शेवटी ठाण्यातलंच वर्तकनगरचं कॉलेज. मुंबईतल्या ज्या मोठ्या कॉलेजचं मी स्वप्न बघत होते तिथली यादी लागून गेली होती आणि त्यात मी नव्हते. म्हणून तोंड पाडूनच गेले होते. इमारत धड नवी नाही, धड जुनी नाही. ऑफिसमध्ये गर्दी, पंखा बंद. बाबांनी ऑफिसच्या खिडकीशी प्रश्न विचारला तेव्हा आतल्या बाईंना काहीच ऐकू गेलं नाही. आवाज जवळजवळ उरलाच नव्हता. त्यांनी माझा दंड धरून मला पुढे केलं. मी तोच प्रश्न मोठ्याने विचारला, आणि मागून एक मुलगी म्हणाली, "मी आहे ना. सर्टिफिकेट न्यायला आलेय. विचारा की."

आम्ही तिघं जिन्यात बसलो. बाबा माझ्या कानात एकेक प्रश्न सांगत होते आणि मी तिला विचारत होते. शिकवतात कोण? ऐन वेळी पळ काढतात का? नोकरी कुणी मिळवून दिली, कॉलेजने की तू? मी त्यांचा भोंगा झाले होते. मुलगी मोकळी होती. वर्गात गर्दी असते म्हणाली, पहिलं वर्ष कंटाळवाणं जातं म्हणाली. पण एक बाई आहेत, त्या जनसंपर्क शिकवतात, आणि पहिल्या महिन्यात बाजारात नेऊन सोडतात. कुणाला काही विकायचं नाही, काही सांगायचं नाही, फक्त लोकांचं ऐकून यायचं.

"फक्त ऐकायचं?" बाबांनी माझ्या कानात विचारलं.

"फक्त ऐकायचं?" मी विचारलं.

"हो काका. आम्हाला पण आधी वेडेपणा वाटलेला. मग कळलं, आपल्याला ऐकताच येत नाय."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळून मान हलवली. घर पसंत होतं. त्याच दिवशी प्रवेश घेतला, आणि पावती हातात आल्यावर बाबा ऑफिसबाहेरच्या बाकावर बसले ते किती तरी वेळ उठलेच नाहीत. दमले असतील, असं मला वाटलं.

घशात कॅन्सरची गाठ निघाली, जुलैत ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढलं. गळ्याला पुढे छिद्र, त्यावर जाळीचं फडकं. गाठ लहान असताना आला असतात तर शेकून भागलं असतं, आवाज वाचवता आला असता, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर वाईट माणूस नव्हता, पण ते वाक्य त्याने बोलायला नको होतं. आई ते वाक्य भांडी घासताना, निवडताना, देवापुढे बसल्यावर, कधीही मधेच म्हणायची. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, ते आणलं होतं. बाबांनी त्यातून एकदाच बोलून बघितलं. मग पेटीत ठेवून पेटी कपाटावर टाकली. तो आवाज कुणाचाच नव्हता. त्यापेक्षा त्यांना टाळ्या बऱ्या वाटल्या. एक टाळी पाणी, दोन टाळ्या जेवण. मौन पुढे वर्षानुवर्षं चाललं. सकाळी बाथरूममधून पाण्याचा आवाज यायचा तेव्हा आई स्वयंपाकघरात हात थांबवून उभी राहायची. पाणी बंद झालं की पुन्हा कामाला लागायची.

बाबा माझी पदवी बघून गेले, माझी नोकरी बघून गेले. मी लिहिलेली जाहिरात मी त्यांना वाचून दाखवायचे, आणि शब्द जड झाला की ते चुटकी वाजवायचे. दोन वर्षांपूर्वी गेले.

लोक म्हणतात, तुमचं बरं आहे, रेकॉर्डिंग असतील ना. आहेत. पुष्कळ आहेत. साड्या आहेत, गाद्या आहेत, क्लासेस आहेत, पाच-सहा उमेदवार आहेत. मी एकदा ओळीने सगळी ऐकली. सगळीकडे बाबा काहीतरी विकतायत. आणि तो आवाज उत्तम आहे, निवडलेला, घासलेला, गर्दीसाठी काढलेला. घरातला त्यांचा आवाज वेगळा होता, थोडा खालचा, थोडा आळशी. 'केतू, उठ गं' म्हणणारा. 'जेवलीस का' विचारणारा. तो कुणीच रेकॉर्ड केला नाही. कशाला करेल? एवढा आवाजाचा माणूस, पण माझं नाव त्याच्या तोंडून एकदाही टिपलेलं नाही, आणि आता ते नाव त्याच्या आवाजात आठवायला गेले की मधे साड्यांचा सेल येतो. याचं मला रडू येतं. नोकरीत मी दिवसभर लोकांचे आवाज निवडते, हा जाड आहे, हा पातळ आहे, याच्यात विश्वास वाटत नाही, आणि घरी येऊन माझं मलाच हसू येतं, तेही फारसं बरं नसतं.

शनिवारी रुहीबरोबर गेले. माजिवड्याचं ते काचेचं कॉलेज आता दुप्पट झालं आहे. ब्लेझरवाल्या बाई बदलल्या आहेत, पाणी तसंच थंड आहे. रुही स्टुडिओ बघून हरखली, सगळे दिवे लावून झाले, तिने माइकवर दोन ओळी गाऊन दाखवल्या. मी विचारायला तोंड उघडलं, की इथून शिकून गेलेली एखादी मुलगी भेटेल का. अर्ध्यावर माझा आवाज चिरकला. रुहीने माझ्याकडे चमकून बघितलं.

"ताई, घसा बसलाय का तुझा?"

"नाही गं," मी म्हणाले. मग दुसऱ्याच दिवशी जाऊन मी घसा तपासून घेतला. काही नव्हतं. डॉक्टरीणबाई हसल्या, म्हणाल्या, कशाला घाबरता? मी त्यांना काही सांगितलं नाही. मला बाबांचा राग आला होता. गेलेल्या माणसाचा राग येतो तेव्हा काय करायचं असतं, हे मला अजून कुणी शिकवलेलं नाही. आईचा समज आहे की आपण दुर्लक्ष केलं. आत्याचा समज आहे की निवडणुकीने घात केला. मला मात्र माहीत आहे काय झालं ते, आईलाही माहीत आहे, फक्त तिला ते आठवायचं नाही.

प्रवेश झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कल्याणला घशाच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. बाबांनी तोच पांढरा शर्ट घातला होता. डॉक्टरांनी नळी घालून आत बघितलं, बराच वेळ बघितलं, मग नळी काढली आणि हातमोजे उतरवता उतरवता विचारलं, "आवाज असा कधीपासून आहे?"

"निवडणुकीपासून," आई म्हणाली. "यांचं कामच ओरडायचं आहे हो."

"माझ्या निकालानंतर जास्त झालंय," मी म्हणाले.

डॉक्टर आमच्याकडे बघतच नव्हते. ते बाबांकडे बघत होते. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खाली टेबलाकडे.

"हिच्या प्रिलिमच्या आधीपासून," ते म्हणाले.

"गिळताना दुखायचं?"

"हो."

"थुंकीतून रक्त?"

बाबांनी मान हलवली. होय अशी.

"अहो, काय बोलताय?" आई म्हणाली. तिने त्यांच्या शर्टाची बाही धरली होती.

"मग इतके महिने थांबलात कशाला?" डॉक्टर जरा चढ्या आवाजात म्हणाले.

बाबा खुर्चीत सरळ झाले. माइक हातात घेण्यापूर्वी व्हायचे तसे. आवाज नव्हताच, जे काही उरलं होतं ते त्यांनी सगळं गोळा केलं.

"बारावी होती हो तिची. मग ॲडमिशन. काल झाली. चांगलं कॉलेज मिळालंय."

डॉक्टरांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"अभिनंदन," ते म्हणाले.

मी थँक यू म्हणाले.